नरकाचा दरवाजा

लखनौच्या नवाबांची ऐयाशी आम्ही लहानपणापासून वाचत आलो. ती लिहिणारी मंडळी बहुतेक इंग्रज. त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या खानदानी घरांत काय चालले होते, हे मात्र आम्हाला फारसे कुणी सांगितले नाही. म्हणून रिचर्ड बॅरी या आयरिश उमरावाची ही हकिकत.

जन्म 1769. घराण्याचा किताब 'अर्ल ऑफ बॅरीमोर', 1628 पासूनचा. जहागीर आयर्लंडमध्ये कॉर्क भागात, राहणे मात्र इंग्लंडात. वडील 1773 साली वारले, आई 1780 साली. पोरका मुलगा ईटनच्या शाळेत गेला तेव्हा आजीने त्याच्या हाती हजार पौंड ठेवले, असे सांगतात. पोराचे वाटोळे व्हायला आणखी काय लागते!

भावंडे चार. लंडनच्या वेशी-बाजारांच्या चालीवर त्यांना टोपणनावे पडली. रिचर्ड 'हेलगेट', म्हणजे नरकाचा दरवाजा. हेन्री लंगडत चाले, म्हणून 'क्रिपलगेट'. धाकटा ऑगस्टस 'न्यूगेट', कारण तेवढा एकच तुरुंग म्हणे त्याने पाहायचा ठेवला होता. आणि हा इसम पाद्री! बहीण कॅरोलिन 'बिलिंग्जगेट'. मासळीबाजारानेही कान झाकावेत अशी तिची जीभ.

घोडे, पत्ते, मुष्टियुद्धावरच्या पैजा, सगळे शौक झाले. हूपर नावाचा मुष्टियोद्धा अंगरक्षक म्हणून सोबत असे. खरा जीव मात्र नाटकात. थेम्सकाठच्या वॉरग्रेव्ह गावी त्याने स्वतःचे नाटकगृह बांधले, डेल्पिनीसारखा नामांकित विदूषक आणला, स्वतःही रंगमंचावर उतरला. इथे आम्हाला त्याच्याबद्दल थोडी माया वाटते. तीनेक वर्षांतच सावकारांपायी ते नाटकगृह मोडीत निघाले. एकूण उधळपट्टी तीन लाख पौंडांची सांगितली जाते. त्यातला किती पैसा कॉर्कच्या कुळांच्या घामाचा, याचा हिशेब कुणी मांडला?

1791 साली हे महाशय इंग्लंडच्या पार्लमेंटात हेट्सबरीचे सभासद झाले. त्या वेळी याच सभागृहाच्या वतीने वॉरन हेस्टिंग्जवर खटला चालू होता. अवधच्या बेगमांची लूट हा त्यातला एक आरोप. बेगमांच्या खजिन्याचा न्याय मागणाऱ्या सभागृहात हेलगेटही बसत होता!

1792 साली त्याने शार्लट गोल्डिंग या सामान्य घरच्या मुलीशी लग्न केले. पुढल्याच वर्षी फ्रान्सशी युद्ध जुंपले. 6 मार्च 1793 रोजी फ्रेंच कैद्यांना डोव्हरकडे नेताना वाटेत तो एका खानावळीत थांबला. परत गाडीत बसला, तोच त्याची स्वतःची बंदूक अवचित उडाली. वय 23.

वॉरग्रेव्हच्या चर्चमध्ये त्याला पुरले. मूलबाळ नव्हते. किताब लंगड्या हेन्रीकडे गेला आणि 1823 साली त्याच्याबरोबर संपला.