पंचगंगेवरची ती रात्र

२६ जानेवारी २०१८, शुक्रवार. रात्री साडेअकरा-पावणेबाराच्या सुमारास गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे येणारी एक मिनीबस शिवाजी पुलाचा दगडी कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ माणसं गेली. तिघं जखमी अवस्थेत वाचली. पुणे परिसरातली, एकमेकांच्या नात्यातली कुटुंबं सुट्टी साधून सहलीला निघाली होती. गाडीत लहान मुलंही होती.

बातम्यांत कारण एका ओळीत आलं : चालकाचा ताबा सुटला. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. ताबा सुटलेली गाडी कधी शेतात जाते, कधी झाडावर आदळते, कधी कठड्याला घासून थांबते. ही गाडी नदीत का गेली, याचं उत्तर हवं असेल तर त्या रात्रीच्या बरंच मागे जावं लागतं.

१४० वर्षं आधी

शिवाजी पूल १८७०च्या दशकात उभा राहिला. दगडी कमानींचा, भक्कम बांधणीचा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लुप्त मानलेली सरस्वती प्रयाग चिखलीला एकत्र येतात आणि तिथून पंचगंगा होऊन कोल्हापूरला येतात. या नदीचे दीडशे वर्षांतले सगळे महापूर या पुलाने अंगावर घेतले. त्याच्या कमानींबद्दल तक्रार करायला जागा नाही.

पण तो बांधला गेला बैलगाड्या, टांगे, घोडेस्वार आणि पायी चालणाऱ्यांसाठी. कठड्याचं काम एवढंच, की बुजलेला बैल किंवा अंधारात चालणारा माणूस खाली जाऊ नये. भरलेली मिनीबस तीन-चार टनांची असते आणि ताशी ६० किलोमीटरने येते. तो धक्का त्या दगडांच्या हिशेबात कधी नव्हताच. पुढे हाच रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला. ट्रक आले, एसटी आल्या, कोकणात जाणारे पर्यटक आले. रस्त्याचा दर्जा बदलला आणि पूल मात्र होता तेवढ्याच रुंदीचा राहिला.

७२ वर्षं आधी

पुलाला लागूनच ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं आणि सातवाहन काळातलं नांदतं गाव उजेडात आलं. समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची ब्राँझ मूर्ती याच टेकडीतली. ती आज टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल घाट चढून इथवर येत होता, याचा हा पुरावा. ब्रह्मपुरी जपायलाच हवी. पुढे जे घडलं त्याचा दोष या टेकडीचा नाही.

८ वर्षं आधी

प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय करायचं नाही, असा नियम घट्ट झाला. देशभर स्मारकांच्या भिंतींना इमारती टेकत होत्या. त्यांना आवर घालायला हा नियम गरजेचा होता.

कोल्हापुरात मात्र तो जुन्या पुलाशेजारी, ब्रह्मपुरी या संरक्षित स्मारकालगत उभ्या राहणाऱ्या पर्यायी पुलाच्या आड आला. बरंचसं काम झालेलं असताना पुरातत्त्व खात्याच्या हरकतीवरून बांधकाम थांबलं. दिल्लीला निवेदनं गेली, खासदारांनी पाठपुरावा केला, शहरात आंदोलनं झाली. नव्या पुलाचे खांब नदीत उभे आणि वाहतूक शेजारच्या जुन्या पुलावरून, हे दृश्य कोल्हापूरकर रोज जाता-येता पाहत होते. जुना पूल धोक्याचा आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

दीड वर्ष आधी

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८चा पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि एक मोटार पाण्यात गेली. महाराष्ट्र हादरला. जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले, ब्रिटिशकालीन पुलांच्या याद्या झाल्या, शिवाजी पुलाची चर्चाही नव्याने झाली.

सावित्रीवरचा नवा पूल ५ जून २०१७ रोजी वाहतुकीला खुला झाला, म्हणजे अवघ्या दहा महिन्यांत. मनावर घेतलं तर आपली यंत्रणा किती वेगाने काम करू शकते हे महाडने दाखवलं. पण तो वेग माणसं गेल्यानंतर आला. कोल्हापूरचा अर्धामुर्धा पूल तेव्हाही नदीत तसाच उभा होता.

२४ दिवस आधी

२ जानेवारी २०१८. स्मारकांच्या कायद्यातली नवी दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली. अत्यावश्यक सार्वजनिक कामांना निषिद्ध क्षेत्रातही वाट मोकळी करून देणं हा तिचा उद्देश. कोल्हापुरात आनंद झाला. पण राज्यसभेची मंजुरी बाकी होती, म्हणून कायदा बदललेला नव्हता.

या २४ दिवसांत नवा पूल पूर्ण होणं शक्यच नव्हतं. पण जुन्या पुलाच्या दोन्ही तोंडांना वेग कमी करणारे पट्टे, कठड्याच्या आत लोखंडी अडसर, चमकणाऱ्या खुणा, रात्री भरपूर उजेड आणि अवजड गाड्यांना दुसरी वाट, एवढ्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नसते. नवा पूल येणारच आहे, या भरवशावर जुन्याची काळजी घेणं मागे पडतं. अडलेल्या प्रत्येक कामातली ही सर्वांत मोठी जोखीम आहे.

त्या दिवशी

शुक्रवारी प्रजासत्ताक दिन, शनिवारी महिन्यातला चौथा शनिवार, मग रविवार. अशी जोडून सुट्टी आली की पुण्या-मुंबईकडून कोकणाकडे रीघ लागते. गणपतीपुळ्याचं दर्शन, समुद्र, आणि परतताना कोल्हापूरला अंबाबाई, जमलं तर जोतिबा. ही फेरी मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. दोन-तीन कुटुंबं मिळून एक गाडी ठरवायची, डबे बांधायचे, मुलांना खिडकीजवळच्या जागा द्यायच्या.

या फेरीचा एक हिशेबही ठरलेला असतो. दिवसभर फिरायचं आणि प्रवास रात्री उरकायचा. सुट्टीत खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर महाग असतात, आणि सकाळी लवकर दर्शनाच्या रांगेत लागायचं असतं. हे आपण सगळेच करतो. बाकीचे मागच्या सीटवर झोपतात. जागं राहायची जबाबदारी एकट्या चालकावर असते, आणि तोही पहाटेपासून उठलेला असतो.

४ तास आधी

गणपतीपुळे ते कोल्हापूर साधारण १४५ किलोमीटर. घाट धरून चार तास, जेवायला थांबलं तर पाच. सूर्यास्त पाहून निघालेली गाडी अकरा-बाराच्या दरम्यान कोल्हापूरच्या वेशीवर येते. दिवसाच्या अखेरीचा प्रवास, म्हणजे शरीर विश्रांती मागत असतानाचा प्रवास.

३ तास आधी

निवळी, हातखंबा, मग पाली, नाणीज, साखरपा. कोकणातला वळणांचा, चढउतारांचा रस्ता. समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येतात, वळणापलीकडचं दिसत नाही. गाडीत अजून जाग असते. गाणी, गप्पा, भेंड्या. चालकालाही सोबत असते.

२ तास आधी

आंबा घाट. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी आणि जानेवारीतली थंडी. खिडक्या बंद होतात, मुलं आईच्या मांडीवर झोपतात, एकेक आवाज मावळत जातो. घाटात चालक पूर्ण जागा असतो. भीतीच त्याला जागं ठेवते. घाट संपला की आंबा गाव लागतं. तिथे आणि पुढे मलकापुरात पाठ टेकायची सोय होऊ शकते. या प्रवासात मुक्काम करायचा असेल तर जागा हीच. पण इथवर आल्यावर कोल्हापूर जवळ वाटायला लागतं, आणि जवळ वाटणाऱ्या गावाआधी थांबायला मन तयार होत नाही.

१ तास आधी

मलकापूर, बांबवडे, बोरपाडळे. घाटाचा ताण उतरलेला असतो, रस्ता सोपा होतो आणि वेग वाढतो. दमलेल्या चालकासाठी कठीण वळणांपेक्षा हा सोपा रस्ता अधिक धोक्याचा. स्टिअरिंगवर करायला फारसं काही उरत नाही, मागे सगळे झोपलेले. आधी पापण्या जड होतात, मग काही क्षण डोळे उघडे असूनही समोरचं मनात उतरत नाही. चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. चहा, तोंडावर पाणी, उघडी खिडकी हे सारे तेवढ्यापुरते उपाय. थकव्यावर झोप हाच इलाज.

१० मिनिटं आधी

वाघबीळ मागे पडतं. केर्ली, रजपूतवाडी, आंबेवाडी. पुढे शहराचे दिवे. "आलंच आता," असं या टप्प्यावर प्रत्येक गाडीत कुणीतरी म्हणतं. मोकळा रस्ता इथे एकाएकी आवळतो आणि अरुंद पूल सुरू होतो. महामार्गाचा वेग आणि बैलगाडीच्या काळातली रुंदी यांची गाठ इथे पडते.

३ सेकंद आधी

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, तीन सेकंदांत ५० मीटर. रुंद रस्त्यावर चालकाला सावरायला तेवढं अंतर मिळतं. पुलावर मिळत नाही. गाडी कठड्यावर आदळली, दगड निखळले आणि ती खाली गेली.

त्यानंतरची पाच मिनिटं

पावसाळा संपला की पंचगंगेवरच्या बंधाऱ्यांना बरगे घालतात. शेतीसाठी, पिण्यासाठी पाणी अडवून ठेवलेलं असतं. त्यामुळे जानेवारीत नदी वाहताना दिसत नसली तरी पात्रात पाणी असतं. वर अंधार, खाली थंड पाणी, उलटलेली गाडी, बंद खिडक्या. पाण्यात श्वास कोंडल्यावर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात कोणतीही सरकारी यंत्रणा पोचू शकत नाही. पोचतात ते आसपासचे लोक.

ते पोचले. आवाज ऐकून नदीकाठच्या वस्तीतली तरुण मुलं धावली, काळोखात पाण्यात उतरली. जी तिघं वाचली, त्यांच्या वाचण्यात या धावण्याचा मोठा वाटा आहे. पुरात माणसं काढायची सवय या काठाला पिढ्यांची आहे.

रात्र आणि पहाट

अग्निशमन दल, पोलीस, रुग्णवाहिका आल्या. क्रेन लावून गाडी वर काढायला पहाटेपर्यंतचा वेळ गेला. मृतदेह आणि जखमी सीपीआर रुग्णालयात नेले जात होते. दर्शनाला येणाऱ्यांची वाट पाहणारं शहर सकाळी त्यांच्या शोकात उठलं. गेलेल्यांपैकी कुणाला ओळखत नसतानाही लोक पुलावर आणि रुग्णालयाबाहेर जमले होते. त्या गर्दीत दुःख होतं आणि संतापही होता, कारण शेजारी न झालेला पूल सगळ्यांना दिसत होता.

त्यानंतर

पर्यायी पुलाचं काम पुढे मार्गी लागलं आणि २०१९ मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली. ब्रह्मपुरीची टेकडी आजही आहे. स्मारक राखून पूल बांधता येतो, हे सिद्ध झालं. १३ जणांच्या मृत्यूआधीही ते तेवढंच शक्य होतं.

त्या वर्षी, २०१८ मध्ये, देशात रस्त्यांवर दीड लाखाहून जास्त माणसं मेली. एवढा आकडा पाहून मन बधिर होतं आणि दोष चालकावर टाकून मोकळं होतं. चालक चुकतो, हे गृहीतच धरायला हवं. दमलेला माणूस कधीतरी चुकणारच. त्याच्या चुकीची शिक्षा मागे झोपलेल्या मुलांना होऊ नये, म्हणून कठडा असतो, उजेड असतो, पुरेशी रुंदी असते. शेवटचे तीन सेकंद त्याच्या हातात होते. त्याआधीची वर्षं खाती, संसद, जिल्हा प्रशासन आणि आपण नागरिक यांच्या हातात होती.

१५ जून २०२५ रोजी, रविवारी, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि सहलीला आलेली चार माणसं गेली. तोही पूल धोकादायक म्हणून माहीत होता, तिथेही नवा पूल मंजूर होता.

म्हणून दोन गोष्टी आजच करण्यासारख्या आहेत. सहलीला निघणाऱ्यांनी रात्रीचा प्रवास टाळावा. टाळता येत नसेल तर दुसरा चालक घ्यावा, नाहीतर वाटेत मुक्कामाचे पैसे आधीच बाजूला काढावेत. आणि जिथे नवा पूल अडला आहे तिथे तो मंजूर झाल्याच्या दिवसापासून जुन्या पुलाच्या सुरक्षेची जबाबदारी एका नावानिशी ठरलेल्या अधिकाऱ्यावर असावी. त्याचं नाव आणि फोन नंबर पुलाच्या तोंडाशी फलकावर लिहिलेले असावेत. मंजुरी आणि उद्घाटन यांच्या मधल्या वर्षांतही त्या पुलावरून माणसं रोज जात असतात. त्यांच्या जिवाला कुणीतरी उत्तरदायी असलंच पाहिजे.