१४२८५७ (संख्या)

१४२८५७ (एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न) ही १४२८५६ नंतरची आणि १४२८५८ पूर्वीची नैसर्गिक संख्या आहे. १/७ या अपूर्णांकाच्या दशांश रूपात (०.१४२८५७१४२८५७…) हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. ही चक्रीय संख्या असून कापरेकर संख्या आणि हर्षद संख्याही आहे. शालेय गणितात π साठी वापरल्या जाणाऱ्या २२/७ या किमतीतही दशांश चिन्हानंतर हेच अंक येतात.

मूलभूत गुणधर्म

प्रकार: विषम, संयुक्त
मूळ अवयव: ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७
विभाजकांची संख्या: ३२
विभाजकांची बेरीज: २५५३६०

चक्रीयता

१४२८५७ ला १ ते ६ यांपैकी कोणत्याही संख्येने गुणले असता तेच अंक त्याच चक्राकार क्रमाने मिळतात.

१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२
१४२८५७ × ७ = ९९९९९९

याचे कारण भागाकारात आहे. १ ला ७ ने भागताना बाक्या १, ३, २, ६, ४, ५ या क्रमाने येतात आणि त्यानंतर पुन्हा १ येते. ७ ने भागल्यावर उरू शकणाऱ्या सर्व शून्येतर बाक्या या एकाच फेऱ्यात येऊन जातात. त्यामुळे २/७ किंवा ३/७ यांचा भागाकार त्याच फेऱ्यात निराळ्या ठिकाणाहून सुरू होतो. प्रत्येक मूळ संख्येबाबत असे घडत नाही. १३ च्या बाबतीत बाक्यांचे दोन स्वतंत्र फेरे पडतात, म्हणून १/१३ आणि २/१३ यांचे आवर्ती अंक (०७६९२३ व १५३८४६) वेगळे आहेत. १७ पासून पुढची चक्रीय संख्या मिळते, पण ती शून्याने सुरू होते: ०५८८२३५२९४११७६४७.

संख्येचे समान भाग करून बेरीज केल्यास १४२ + ८५७ = ९९९ आणि १४ + २८ + ५७ = ९९ मिळतात.

कापरेकर संख्या आणि हर्षद संख्या

१४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९ आहे. त्याचे दोन भाग करून बेरीज केली असता मूळ संख्या परत मिळते: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. अशा संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या नावावरून कापरेकर संख्या म्हणतात. ४५ हे लहान उदाहरण आहे: ४५ चा वर्ग २०२५ आणि २० + २५ = ४५.

ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. १४२८५७ च्या अंकांची बेरीज २७ असून १४२८५७ ÷ २७ = ५२९१.

डहाणू येथे जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले कापरेकर नाशिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक होते. गणितातील पदव्युत्तर पदवी नसल्याने त्यांच्या कामाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिल्यावर ते जगभर परिचित झाले.

हेही पाहा

६१७४ (कापरेकर स्थिरांक)
आवर्ती दशांश अपूर्णांक
मूळ संख्या