माहितीच्या खेपा वाचवणारा कंपायलर

संगणकाचा वेग म्हणजे आकडेमोडीचा वेग, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अनेक प्रोग्रामांचा बराचसा वेळ मेमरीतून माहिती येण्याची वाट पाहण्यात जातो. विल्यम वुल्फ व सॅली मॅकी यांनी १९९५ मध्ये या अडसराला ‘मेमरी वॉल’ असे संबोधले. विजेचा खर्चही असाच विषम आहे. मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, ४५ नॅनोमीटर तंत्रज्ञानात ३२ बिटांच्या दशांश संख्यांच्या एका गुणाकारास सुमारे ३.७ पिकोज्यूल ऊर्जा लागते. मुख्य मेमरीतून ६४ बिट आणण्यास मात्र १,३०० ते २,६०० पिकोज्यूल.

यावर उपाय म्हणून प्रोसेसरजवळ ‘कॅश’ ही लहान व जलद मेमरी असते. तिच्यात माहिती सुटी न येता बहुधा ६४ बाइटच्या सलग गटाने येते. सी भाषेत मॅट्रिक्समधील संख्या ओळीनुसार साठवलेल्या असतात. मोठे मॅट्रिक्स स्तंभानुसार वाचल्यास खेपेतील आठ संख्यांपैकी एकच उपयोगी पडते. उरलेल्या वापरापूर्वीच कॅशबाहेर जाऊ शकतात.

अशा वेळी कंपायलर लूपांची अदलाबदल करून वाचन ओळीनुसार करतो. एकाच माहितीवर चालणारे दोन लूप जोडल्यास दुसरी फेरी वाचते. तिसरे तंत्र ‘टायलिंग’, म्हणजे मोठे काम कॅशमध्ये मावणाऱ्या चौकोनी तुकड्यांत विभागणे. आठ बाइटच्या ३२ × ३२ संख्यांचा तुकडा ८ किलोबाइटचा होतो. गुणाकारास लागणारे तीन तुकडे ३२ किलोबाइटच्या कॅशमध्ये सहज मावतात आणि आणलेली प्रत्येक संख्या ३२ वेळा वापरली जाते. असे फेरबदल आपोआप शोधणारी ‘प्लूटो’ ही प्रणाली उदय बोंधुगुला व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठातून मांडली. बोंधुगुला पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले.

तथापि क्रम बदलला तरी उत्तर बदलता कामा नये, हे बंधन कंपायलरवर असते. दोन पॉइंटर मेमरीतील एकाच जागेकडे निर्देश करीत असण्याची शक्यता असल्यास तो बहुधा मूळ क्रमच कायम ठेवतो. सी भाषेच्या १९९९ च्या मानकातील ‘रिस्ट्रिक्ट’ या शब्दाने प्रोग्रामर तशी शक्यता नसल्याची हमी देऊ शकतो. ही हमी खोटी ठरली, तर प्रोग्राम वेगाने चालेल, पण उत्तर चुकीचे देऊ शकेल. म्हणूनच खेपा वाचवण्याचे श्रेय कंपायलरचे असले, तरी उत्तराची अंतिम जबाबदारी प्रोग्रामरचीच राहते.