क्रॅन्मर यांचा शेवटचा शनिवार

16 ऑक्टोबर 1555. पाच महिने आधी

ऑक्सफर्डच्या उत्तर वेशीवर बोकार्डो नावाचा तुरुंग होता. त्या दिवशी तिथल्या एका वृद्ध कैद्याला माथ्यावर नेऊन उभं करण्यात आलं. वेशीबाहेरच्या खंदकापाशी ह्यू लॅटिमर आणि निकोलस रिडली या दोन बिशपांना जिवंत जाळत होते. ते या कैद्याने डोळ्यांनी पाहावं, अशी सगळी तजवीज होती. लॅटिमर लवकर गेले. रिडली यांच्या बाजूची लाकडं नीट पेटली नाहीत. पाय जळत राहिले आणि प्राण काही केल्या जाईना.

हा कैदी म्हणजे थॉमस क्रॅन्मर. 1533 पासून ते कँटरबरीचे आर्चबिशप होते. इंग्लंडच्या चर्चला इंग्रजीत प्रार्थना करायला शिकवणारं प्रार्थनापुस्तक त्यांच्या हातून 1549 मध्ये आलं आणि 1552 मध्ये सुधारून पुन्हा आलं. त्याच 1533 मध्ये त्यांनी आठव्या हेन्रीचा कॅथरिनशी झालेला विवाह रद्दबातल ठरवला होता. त्या निकालाने कॅथरिनची सतरा वर्षांची मुलगी एका दिवसात अनौरस ठरली. आता तीच मुलगी, मेरी, इंग्लंडची राणी होती. तिने देश पुन्हा पोपच्या छत्राखाली आणला होता, आणि तिच्या राजवटीत सुमारे तीनशे माणसं पाखंडी म्हणून जाळली गेली.

पुढे क्रॅन्मर यांनी जे केलं त्याचा न्याय करायचा असेल, तर आधी त्या तुरुंगाच्या माथ्यावर उभं राहावं. मित्राचे पाय जळताना ज्याने पाहिले, त्याच्या भीतीला भेकडपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

14 फेब्रुवारी 1556. पाच आठवडे आधी

क्राइस्ट चर्चमध्ये त्यांचं धर्मपद काढून घेण्याचा विधी झाला. आर्चबिशपचा पोशाख मुद्दाम जाड्याभरड्या कापडाचा शिवला होता. तो अंगावर चढवायचा आणि एकेक वस्त्र उतरवत न्यायचं. केस कातरले. अभिषेकाचं तेल ज्या बोटांना लागलं होतं, ती बोटं खरवडली. बिशप बॉनर टोमणे मारत होते. दुसरे बिशप थर्ल्बी हे क्रॅन्मर यांचे जुने स्नेही, ते विधी करता करता रडत होते.

याच सुमारास, आपली शिकवण मागे घेतल्याची माघारपत्रं सुरू झाली. पहिल्या कागदांतली भाषा मोघम आहे, राजाराणीचा कायदा मानतो इतकीच. पण एकदा सही झाली की पुढच्या सहीला नवं कारण लागत नाही. पाचव्या कागदापर्यंत येता येता त्यांनी ल्यूथर आणि झ्विंग्ली या धर्मसुधारकांना झिडकारलं, पोपचं सर्वोच्चपद मानलं, मिस्सा मानली. वीस वर्षांत जे जे शिकवलं ते ते स्वतःच्या हाताने खोडलं. सोबतीला एक स्पॅनिश फ्रायर, म्हणजे मठवासी संन्यासी, होता, हुआन दे व्हिलागार्सिया. तो वाद घालायचा, समजवायचा आणि कागद पुढे करायचा.

24 फेब्रुवारी. चार आठवडे आधी

मेरीच्या दरबारातून ऑक्सफर्डच्या महापौरांना हुकूम गेला, क्रॅन्मर यांना जाळा.

माझ्या मते खरा अनर्थ इथे घडला. चर्चच्या कायद्यात पश्चात्ताप करून परत येणाऱ्या पाखंड्याला जिवंत ठेवण्याची वाट होती, आणि तीच रीत होती. क्रॅन्मर परत येत होते. पुढची माघारपत्रंही आली, तरी हुकूम मागे घेतला गेला नाही. क्षमेचा संस्कार द्यायला मेरीच्या बाजूचे सगळे तयार होते, जीव मात्र द्यायचा नव्हता. आत्म्याला माफी आणि देहाला आग. असली वाटणी करणाऱ्यांना क्षमा ही काय चीज आहे हे कळलं होतं, असं मला वाटत नाही.

18 मार्च. तीन दिवस आधी

सहावं माघारपत्र. सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत दीनवाणं. त्यात ते स्वतःला छळ करणारा आणि निंदक म्हणवतात. क्रूसावरच्या चोराशी स्वतःची तुलना करतात आणि आपण त्याच्याहून वाईट आहोत असं लिहितात. हे सगळं दबावाखाली लिहिलं, असं म्हणून ते बाजूला सारता येईल. पण ज्याला खरोखर आपण विश्वासघात केला असं वाटत असतं, त्याचीही भाषा अशीच होते. विश्वासघात नेमका कोणाचा, इतकंच त्या कागदावर उलटं लिहिलेलं होतं.

20 मार्च, शुक्रवार. एक दिवस आधी

ईटनचे प्रोव्होस्ट डॉ. हेन्री कोल तुरुंगात आले. जाळण्याच्या वेळचं प्रवचन तयार ठेवायला त्यांना आधीच सांगितलेलं होतं. अजून कॅथलिक विश्वासात आहात ना, एवढंच त्यांनी विचारलं. क्रॅन्मर यांनी होकार दिला.

21 मार्च, शनिवार. सकाळ

पाऊस लागला होता. कोल पुन्हा आले, आणि गरिबांत वाटायला त्यांनी क्रॅन्मर यांच्या हातावर काही नाणी ठेवली. फ्रायरने लोकांसमोर वाचायच्या मजकुराची बोलणी केली. भाषणाची एक प्रत अधिकाऱ्यांकडे आधीच पोचली होती. काय बोललं जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, निदान तशी त्यांची खात्री होती.

नऊच्या सुमारास

लॉर्ड विल्यम्स आणि इतर सरदार शहरात दाखल झाले. पावसामुळे प्रवचन चितेपाशी न करता सेंट मेरीज चर्चमध्ये ठेवलं गेलं. दोन फ्रायर, मध्ये क्रॅन्मर, अशी मिरवणूक निघाली. अंगावर विटका झगा, डोक्यावर जुनी चौकोनी टोपी, छातीवर पांढरी दाढी. हेन्री वारला त्या 1547 सालापासून त्यांनी ती वाढवली होती. चर्चच्या दाराशी फ्रायरांनी शिमोनाचं गीत म्हटलं, ‘आता सुखाने जाऊ दे’ या अर्थाचं. ते गीत क्रॅन्मर यांच्याच प्रार्थनापुस्तकात रोजच्या सायंप्रार्थनेला होतं.

प्रवचन

व्यासपीठासमोर एक मंच बांधला होता. कोल यांच्यापुढे अडचण होती. ज्याने पश्चात्ताप केलाय त्याला जाळायचं कसं, हे लोकांना पटवायचं होतं. त्यांनी हिशेब मांडला. हेन्रीने मारलेल्या सर टॉमस मोर यांच्या बदल्यात, मेरीच्या काळात ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँड गेला. रॉचेस्टरचे बिशप फिशर हेही हेन्रीच्या काळात मारले गेले, त्यांच्या बदल्यात रिडली, हूपर आणि फेरार हे सुधारक बिशप गेले, आणि हे पारडं बरोबर करायला क्रॅन्मर हवेत. एका देवळात उभं राहून हे बोललं गेलं. शेवटी, तुमच्या आत्म्यासाठी ऑक्सफर्डच्या चर्चांतून मिस्सा होतील, असा दिलासाही दिला.

हे सगळं एका कॅथलिक माणसाने तिथे उभं राहून पाहिलं आणि मित्राला पत्रात लिहिलं. क्रॅन्मर यांचं मत त्याला मुळीच मान्य नव्हतं. तरी म्हाताऱ्याच्या गालांवरून आसवं कशी ओघळत होती, आणि ते पाहून किती जणांचे डोळे भरून आले, हे त्याने लिहून ठेवलं.

प्रवचनानंतर

क्रॅन्मर यांना बोलायला सांगितलं. त्यांनी लोकांना आपल्यासाठी प्रार्थना करायची विनंती केली आणि गुडघे टेकले. लोकांनीही टेकले.

या प्रार्थनेवर मला थांबायचं आहे, कारण या दिवसाची गोष्ट सांगताना लोक ती वगळतात आणि थेट आगीकडे जातात. प्रार्थनेचा आशय असा: मी स्वर्गाचा अपराधी आहे आणि पृथ्वीचाही. वर पाहायला लाज वाटते, खाली कुठे आसरा नाही. मग जाऊ कुठे? देवाकडेच यायचं, कारण त्याची दया माझ्या पापाहून मोठी आहे. देवाचा पुत्र माणूस झाला तो काही किरकोळ पापांसाठी नव्हे. शेवटी त्यांनी प्रभूची प्रार्थना म्हटली.

इथवर त्यांनी काहीही परत मिळवलेलं नव्हतं. सहाही माघारपत्रं कायम होती, त्यावर त्यांच्याच सह्या होत्या, आणि एकही शब्द अजून मागे घेतलेला नव्हता. अशा अवस्थेत, हातात दाखवायला काही नसताना, ते क्षमा मागायला गेले. विश्वास सोडल्याची बोच घेऊन जगणारी माणसं अनेकदा क्रम उलटा लावतात. आधी स्वतःला पुरेशी शिक्षा करू, काहीतरी करून दाखवू, मग देवापुढे उभं राहायची लायकी येईल. त्या मंचावर आधी गुडघे टेकले गेले.

मग उठून उपदेश. जगाच्या मोहात गुंतू नका, राजाराणीची आज्ञा पाळा, एकमेकांशी भावासारखं वागा. त्या वर्षी धान्य महाग होतं, म्हणून श्रीमंतांना त्यांनी गरिबांची आठवण करून दिली. सगळं ठरल्याप्रमाणे.

शेवटचा परिच्छेद

लिहून दिलेल्या भाषणात इथे एक वाक्य होतं, की माझ्या विवेकाला सगळ्यांत जास्त टोचणारी गोष्ट आता सांगतो. त्यापुढे त्यांनी आपल्या जुन्या पुस्तकांचा धिक्कार करायचा होता.

वाक्य त्यांनी तेच म्हटलं. पुढे म्हणाले, की टोचते ती गोष्ट म्हणजे तुरुंगात केलेल्या त्या सह्या. मृत्यूच्या भीतीने, मनाविरुद्ध लिहिलेले ते कागद. हा हात मनाविरुद्ध लिहून चुकला आहे, म्हणून आगीत आधी हाच जाईल. पोपला मी मानत नाही, प्रभुभोजनाविषयी माझ्या पुस्तकात जे लिहिलंय तेच मानतो.

चर्चमध्ये गलका उसळला. पाखंड्याचं तोंड बंद करा, त्याला घेऊन जा, असं कोल ओरडले. क्रॅन्मर यांना ओढून खाली काढलं.

रस्त्यावर

ते इतक्या झपाझप चालले की बरोबरच्यांची धावपळ झाली. व्हिलागार्सिया वाटेभर विनवत राहिला, आणि अखेर याच्यात सैतान शिरलाय म्हणून मागे सरला. जागा तीच, बेलियल कॉलेजसमोरची. आज ब्रॉड स्ट्रीटवर दगडांत बसवलेला एक क्रूस तिथे आहे. अंगात फक्त सदरा ठेवून ते उभे राहिले आणि जवळच्या काही वृद्धांशी त्यांनी हस्तांदोलन केलं. ब्रेझनोज कॉलेजच्या ईली नावाच्या माणसाने हात मागे घेतला.

आग

उजवा हात त्यांनी ज्वाळेत धरला आणि धरून ठेवला. एकदा चेहरा पुसला, तेवढाच हलला. थोड्याच वेळात सगळं संपलं.

पुढच्या साडेचार शतकांत हा हात चित्रांत, कोरीवकामांत आणि प्रवचनांत सगळीकडे गाजला. मला मात्र भीती वाटते, की त्याच्याकडे पाहणारा हीच क्षमेची किंमत समजेल. क्रॅन्मर यांनी आयुष्यभर हेच सांगितलं, की क्षमा विकत मिळत नाही, ती फुकट मिळते. हात जाळून ती कमवावी लागली असती, तर त्यांचं सगळं शिकवणं खोटं ठरलं असतं. हात पुढे करायचं बळ कुठून आलं हे पाहायचं, तर तासभर आधीच्या त्या प्रार्थनेकडे जावं लागतं.

नंतर

सरकारने क्रॅन्मर यांच्या माघारपत्रांची पुस्तिका छापली. तिच्यात शनिवारचं भाषणही घातलं, पण लिहून दिलेलं. बोललेलं नाही.

17 नोव्हेंबर 1558 रोजी मेरी वारली. 1559 मध्ये तिच्यानंतर राणी झालेल्या एलिझाबेथने प्रार्थनापुस्तक परत आणलं, आणि क्रॅन्मर यांनी 1552 मध्ये रोजच्या प्रार्थनेच्या आरंभी घातलेली सामूहिक पापकबुली गावोगावी पुन्हा सुरू झाली. ती ‘आम्ही’ म्हणून बोलते आणि भरकटलेल्या मेंढरांची उपमा घेते. पुढे इंग्रजी राजवटीत हे पुस्तक मराठीतही आलं आणि आपल्याकडच्या अँग्लिकन मंडळ्यांत वापरलं गेलं.

1559 मध्ये ती कबुली म्हणवून घेणारे गावोगावचे पाद्री बहुतेक तेच होते, जे मेरीच्या काळात तिच्या सांगण्यावरून मिस्सा करत होते आणि त्याआधी हेन्रीचा मुलगा एडवर्ड याच्या काळात क्रॅन्मर यांच्या सांगण्यावरून इंग्रजी उपासना. समोर गुडघे टेकलेले लोकही तेच. पंचवीस वर्षांत त्यांच्यातल्या जवळपास प्रत्येकाने कुठे ना कुठे मान डोलावली होती, कुठे ना कुठे तो गप्प बसला होता. रविवारी सकाळी ते सगळे एका आवाजात त्या म्हाताऱ्याचे शब्द म्हणत, आणि पाद्री उठून त्यांना देवाची क्षमा जाहीर करत असे.