पुणे ते दुबई विमानाने किती तास लागतात? चिखलीतून निघणाऱ्यांसाठी खरा हिशोब

चिखली, मोशी, चाकण परिसरातल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी दुबईत नोकरीला असतं. तिकीट काढायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: विमान किती वेळात पोहोचतं?

लोहगाव विमानतळ ते दुबई हे सरळ हवाई अंतर सुमारे २,०५० किलोमीटर आहे. थेट विमानाला जाताना साधारण साडेतीन तास लागतात, तर येताना तीन तासांच्या आसपास. हा फरक वाऱ्यामुळे पडतो. उंचावरचे जोरदार वारे, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे दुबईकडे जाताना ते समोरून लागतात आणि परतताना मागून ढकलतात.

तिकिटावर मात्र वेगळंच दिसतं

दुबईचं घड्याळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक वेळेनुसार छापलेल्या असतात. समजा, विमान पुण्याहून रात्री ८ ला सुटलं, तर दुबईत उतरण्याची वेळ रात्री १० दिसेल. म्हणजे प्रवास दोनच तासांचा? नाही, साडेतीनचाच. उलट दुबईहून रात्री ११ ला निघालेलं विमान पुण्यात पहाटे साडेतीनला उतरतं. कागदावर साडेचार तास, प्रत्यक्षात तीन. घ्यायला येणाऱ्यांना दुसऱ्या दिवसाची तारीख आवर्जून सांगा.

सगळ्यात महागात पडणारी चूकही तारखेचीच. विमान १५ तारखेला रात्री १२.३० चं असेल, तर घरातून १४ तारखेला संध्याकाळीच निघायचं असतं. १५ च्या रात्री विमानतळावर पोहोचलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल.

मुंबईहून गेलं तर?

हवाई अंतराचा विचार केला तर मुंबई दुबईला जवळ आहे, सुमारे १,९३० किलोमीटर. पण त्यातून हवेतली जेमतेम दहा मिनिटं वाचतात. चिखलीहून लोहगाव स्पाईन रोड, भोसरी, दिघी, विश्रांतवाडीमार्गे वीसेक किलोमीटर आहे. मुंबई विमानतळ पडतो सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे तीन ते चार तास आणि पावसाळ्यात घाटात अडकलात तर आणखी जास्त.

घर ते विमानतळ तासभर, उड्डाणाच्या तीन तास आधी हजेरी, साडेतीन तास हवेत आणि दुबईत इमिग्रेशन व सामानाला तासभर. म्हणजे लोहगावहूनही साडेआठ तास धराच. मुंबईहून हाच आकडा अकराच्या आसपास जातो. त्यामुळे मुंबईचं तिकीट दोन-तीन हजारांनी स्वस्त दिसलं, तर आधी टॅक्सीचं भाडं आणि टोल त्यात मिळवून बघा. मोठं कुटुंब एकाच गाडीतून जाणार असेल, तर मुंबई परवडू शकते. एकट्या माणसाला सहसा नाही.