मोडलेला बाण आणि रिकामा भाता

जॉन वू दिग्दर्शित ‘ब्रोकन अ‍ॅरो’ हा चित्रपट १९९६च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यात अमेरिकी हवाई दलातला मेजर डीकिन्स सरावाच्या उड्डाणात आपल्याच सहवैमानिकाला विमानाबाहेर फेकतो, दोन अणुबॉम्ब वाळवंटात सोडतो आणि साथीदारांकरवी ते पळवून सरकारकडे खंडणी मागतो. जॉन ट्रव्होल्टाने हा गद्दार मोठ्या मजेत रंगवला आहे. शेवट ठरलेलाच: गद्दार मरतो, शहर वाचते.

चित्रपटाचे नाव मात्र काल्पनिक नाही. ‘ब्रोकन अ‍ॅरो’, म्हणजे मोडलेला बाण, ही अमेरिकी सैन्यातली अण्वस्त्राच्या अपघातासाठीची संज्ञा. चोरीसाठी आज वेगळी संज्ञा आहे: ‘एम्प्टी क्विव्हर’, रिकामा भाता. म्हणजे पडद्यावर घडते ती गोष्ट रिकाम्या भात्याची आणि पाटीवर नाव मोडलेल्या बाणाचे. हा फरक शब्दच्छलाचा वाटेल, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. चोरीला चोर लागतो, अपघाताला तो लागत नाही.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९५० ते १९८० या काळातल्या अशा ३२ अपघातांची यादी प्रसिद्ध केली आहे. यादीतल्या व्याख्येत अण्वस्त्राची चोरीही धरलेली आहे. तरी ३२ नोंदींपैकी एकीतही चोर किंवा फितूर वैमानिक नाही. सापडतात ती थकलेली माणसे, सैल खिट्ट्या, आग आणि हवेतल्या टकरी.

११ मार्च १९५८ची नोंद पाहा. दक्षिण कॅरोलायनावरून जाणाऱ्या बी-४७ विमानात बॉम्बच्या खिट्टीचा दिवा बिघाड दाखवू लागला. एक अधिकारी तपासायला मागे गेला आणि आधारासाठी त्याने चुकून तातडीने बॉम्ब सोडण्याची पिनच धरली. बॉम्ब विमानाचे दार तोडून मार्स ब्लफ या गावात एका घराच्या परसात पडला. त्यात अणुगाभा बसवलेला नव्हता. पण साधी स्फोटके फुटली, मोठा खड्डा पडला, घर मोडले आणि सहा जण जखमी झाले.

तीन वर्षांनी, २४ जानेवारी १९६१ रोजी, उत्तर कॅरोलायनातल्या गोल्ड्सबरोजवळ एक बी-५२ हवेतच मोडले. आठांपैकी तिघे मेले. विमानातले दोन्ही बॉम्ब सुमारे चार मेगाटनांचे, म्हणजे प्रत्येकी हिरोशिमाच्या अडीचशेपट. एक छत्रीने अलगद उतरला. दुसरा चिखलात इतका खोल रुतला की त्याचा काही भाग आजही तिथेच आहे. विमान मोडताना छत्रीच्या बॉम्बाची स्फोटाच्या तयारीची यंत्रणा एकेक टप्पा पार करत गेली होती. सरकारी प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाने १९६९मध्ये लिहून ठेवले की, महासंहार अडवणारी वस्तू एकच होती: कमी दाबाच्या विजेवर चालणारी एक साधी कळ. हे टिपण लोकांसमोर आले २०१३मध्ये. चव्वेचाळीस वर्षे ते कपाटात होते.

कल्पनेतला गद्दारही याच काळातला. इयान फ्लेमिंगच्या १९६१च्या ‘थंडरबॉल’ कादंबरीत पैशाला विकला गेलेला वैमानिक दोन अणुबॉम्बांसह विमान पळवतो आणि समुद्रात उतरवतो. तिच्यावरचा चित्रपट १९६५च्या डिसेंबरात आला. तो चित्रपटगृहात असतानाच, १७ जानेवारी १९६६ रोजी, स्पेनच्या किनाऱ्यावर पालोमारेस या शेतकऱ्यांच्या खेड्यावर बी-५२ आणि इंधन देणारे विमान एकमेकांवर आदळले. सात जण मेले. चार हायड्रोजन बॉम्ब खाली आले. तीन जमिनीवर पडले, त्यांपैकी दोघांतली साधी स्फोटके फुटून प्लुटोनियम टोमॅटोच्या शेतांवर पसरले. चौथा समुद्रात गेला.

तो कुठे पडला, हे फ्रान्सिस्को सिमो या कोळ्याने पाहिले होते. आरमाराने आधी त्याच्या सांगण्याला पुरेसे महत्त्व दिले नाही. अखेर बॉम्ब त्याने दाखवलेल्या भागातच, आठशे मीटरहून अधिक खोलीवर सापडला आणि ७ एप्रिलला वर काढला गेला. मधल्या काळात मार्चमध्ये अमेरिकी राजदूत आणि स्पेनचे पर्यटनमंत्री फ्रागा यांनी पाणी सुरक्षित असल्याचे दाखवायला छायाचित्रकारांसमोर समुद्रस्नान केले. सुमारे चौदाशे टन माती जहाजाने अमेरिकेला नेली गेली; तरीही प्लुटोनियम उरलेच. ती माती उपसणाऱ्या अमेरिकी सैनिकांच्या आजारांना कायद्याने मान्यता मिळाली ती २०२२मध्ये.

पालोमारेसनंतर बरोबर एका आठवड्याने, २४ जानेवारी १९६६ला, एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ माँ ब्लाँवर आदळले. ११७ जण गेले. त्यांत होमी भाभा होते. विमानाची एक दिशादर्शक यंत्रणा बंद होती. आपण शिखर ओलांडले असा वैमानिकाचा समज झाला. नियंत्रकाने रडारवरून केलेली दुरुस्ती त्याच्यापर्यंत नीट पोचलीच नाही. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष हा असा. तरी या विषयावर बोलायला उभा राहिलो की सभागृहातून पहिला प्रश्न येतो तो घातपाताचाच. तो विचारणाऱ्यांना मी हसत नाही. एवढा मोठा माणूस अर्धवट ऐकल्या गेलेल्या वाक्याने जावा, हे मनाला पटत नाही. कटाला निदान चेहरा असतो.

पण चेहऱ्याच्या या ओढीची किंमत मोजावी लागते. २००७च्या ऑगस्टअखेर उत्तर डाकोटातल्या मायनॉट तळावर सहा क्षेपणास्त्रे चुकून खऱ्या अण्वस्त्रांसकट बी-५२ला जोडली गेली आणि लुइझियानात पोचली. ज्यांनी तपासायचे त्यांनी तपासले नाही. सुमारे छत्तीस तास सहा अण्वस्त्रे जागेवर नाहीत, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. गद्दाराने करायचे ते सगळे झाले, फक्त गद्दार नव्हता.

याच हवाई दलात एक खरा मेजरही होता. हॅरॉल्ड हेरिंग याने व्हिएतनाममध्ये बचाव-हेलिकॉप्टर चालवले होते. १९७३मध्ये क्षेपणास्त्र सोडण्याचे प्रशिक्षण घेताना त्याने वर्गात विचारले: मला मिळालेला आदेश शुद्धीवर असलेल्या राष्ट्राध्यक्षाचाच आहे, हे मी कसे ओळखायचे? उत्तर मिळाले नाही. त्याला प्रशिक्षणातून काढले, पुढे सेवेतूनही काढले, आणि पोटासाठी त्याने ट्रक चालवला.

गद्दारावर उपाय सोपा असतो: त्याला पकडा. चुकीवरचे उपाय कंटाळवाणे असतात: आणखी एक कुलूप, दोन माणसांनी मिळून करायची तपासणी, पुरेशी झोप, आणि चूक सांगणाऱ्याला शिक्षा न होण्याची हमी. अणुबॉम्बांना सांकेतिक कुलपे बसली ती असल्याच काळज्यांतून. कुलपे बसवता आली. हेरिंगसारख्याचा प्रश्न ऐकून घेण्याची सोय मात्र करता आली नाही. फितूर मेजरवर चित्रपट निघाला, प्रश्न विचारणारा मेजर ट्रकवर गेला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या ज्यांच्या हाती अण्वस्त्रे आहेत त्या प्रत्येक देशाने द्यायचे आहे, आणि त्या यादीत आता आपणही आहोत.