नागपूर आणि शेवाळ : तलावापासून काचेच्या टाकीपर्यंत

नव्याने भरलेल्या गोड्या पाण्यात सर्वांत आधी वाढते ते शेवाळ. त्याला मुळे धरावी लागत नाहीत, खोड उभारावे लागत नाही. पेशी दुभंगत जातात आणि अनुकूल स्थितीत काही तासांपासून एक-दोन दिवसांत त्यांची संख्या दुप्पट होते. पाणवनस्पतीला मात्र नव्या मातीत रुजायला दोन-तीन आठवडे लागतात. त्या मधल्या काळात मातीतून सुटलेले नत्र आणि स्फुरद तसेच वरून मिळणारा प्रकाश यांना दुसरा वाटेकरी नसतो. साठ लिटरच्या काचेच्या टाकीत हे घडते, तसेच नव्याने बुडालेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या जलाशयातही घडते. नागपूर हे तलावांचे शहर आहे. पाणी व सांडपाणी यांवर संशोधन करणारी देशातील प्रमुख संस्थाही येथेच आहे. त्यामुळे शेवाळाला आवर घालण्याच्या प्रयत्नांचे जवळजवळ सगळे टप्पे या शहराच्या आणि त्याच्या पूर्वेकडील मुलखाच्या इतिहासात सापडतात.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने नागपूर वसवले. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला तटबंदी केली आणि पाण्यासाठी बांध घालून जुम्मा तलाव तयार केला. हाच पुढे शुक्रवारी तलाव आणि आता गांधीसागर या नावाने ओळखला जातो. १७४३ नंतर सत्ता भोसल्यांकडे गेली. त्यांच्या काळात अंबाझरी, तेलनखेडी (आजचा फुटाळा) हे तलाव आणि त्यांभोवतीच्या बागा आकाराला आल्या. हे सगळे तलाव पावसाच्या वाहत्या पाण्यावर भरणारे, उथळ काठांचे होते. उन्हाळ्यात त्यांचे पाणी खूप खाली जाई आणि उरलेले पाणी हिरवे होई.

त्याच काळात पूर्वेकडे, आजच्या भंडारा, गोंदिया आणि चंद्रपूर जिल्ह्यांत, कोहळी समाजाने गोंड राजांच्या आश्रयाने हजारो तलाव आणि बोड्या बांधल्या. पुढे मालगुजारांकडे देखभाल गेल्याने त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. धानाला पाणी देणे हा त्यांचा मुख्य हेतू होता. शेवाळ आवरण्यासाठी म्हणून तेथे कोणी काही केल्याचे दिसत नाही, पण तलाव वापरण्याच्या रीतींतून ते काम आपोआप होत असे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तळाचा गाळ बैलगाड्यांनी शेतात जाई. उघड्या पडलेल्या कडेवर गाळपेर होई. धीवर समाज मासे आणि शिंगाडा काढून नेई, आणि कमळकंदही खणला जाई. गाळ, पीक, मासळी आणि शिंगाडा या रूपांनी दरवर्षी तलावातले नत्र आणि स्फुरद बाहेर पडत होते. शिवाय हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम यांसारख्या बुडीत वनस्पती आणि काठावरचे देवधान उरलेले अन्न स्वतःकडे खेचून घेत. शेवाळाच्या वाट्याला फार थोडे येई.

शहरात ही घडी इंग्रजी अमलात बदलली, कारण तलावाकडे आता नळाने पाणी पुरवण्याचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले. अलेक्झांडर बिनी हा अभियंता १८६८ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात आला. त्याने अंबाझरीचा जुना बांध उंच केला, साठा वाढवला आणि तेथून शहरापर्यंत नळ टाकले. १८७३ च्या सुमारास हे काम पूर्ण झाले. त्यावरचा त्याचा निबंध लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे आला. वरोऱ्याचा कोळसा शोधण्याचे श्रेयही त्याच्याकडेच जाते. पुढे तो लंडन काउंटी कौन्सिलचा मुख्य अभियंता झाला. अंबाझरीनंतर विसाव्या शतकाच्या आरंभी गोरेवाडा तलाव झाला, त्यानंतर कन्हान नदी आणि शेवटी पेंचचे पाणी शहराला मिळू लागले.

उघड्या जलाशयातून नळाने पाणी देणे सुरू झाले की शेवाळ हा अभियंत्यांचा प्रश्न होतो. त्याने पाण्याला वास आणि चव येते, आणि वाळूच्या गाळण्या लवकर तुंबतात. जगभरच्या पाणीपुरवठा खात्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हीच अडचण होती. १९०४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी मोरचुदाने, म्हणजे कॉपर सल्फेटने, शेवाळ मारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. मात्रा अगदी अल्प पुरते. हा उपाय स्वस्त होता आणि त्याचा परिणाम लगेच दिसे, म्हणून तो झपाट्याने पसरला. त्याच्या मर्यादाही लवकरच कळल्या. मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते आणि मासे गुदमरतात. पाणी मृदू असेल तर तांबे माशांनाही घातक ठरते, आणि गोगलगायी व झिंगे तर थोड्या तांब्यानेही मरतात. तांबे गाळात साचत राहते. मुख्य म्हणजे शेवाळाच्या कुजण्यातून सुटलेले नत्र आणि स्फुरद पाण्यातच राहतात, आणि काही आठवड्यांत त्यांवर नवे शेवाळ उभे राहते.

१९५८ मध्ये नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी तिला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था हे नाव दिले, आणि लोक तिला नीरी म्हणू लागले. या संस्थेत शेवाळाकडे वेगळ्या नजरेने पाहिले गेले. महागडी यंत्रे आणि वीज न वापरता लहान गावांचे सांडपाणी कसे शुद्ध करावे, हा त्या काळचा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून साधारण एक ते दीड मीटर खोलीचे स्थिरीकरण तलाव पुढे आले. त्यांत सांडपाणी काही दिवस थांबते, जिवाणू त्यातला सेंद्रिय मळ मोडतात, शेवाळ त्यातून सुटलेले नत्र आणि कर्बवायू घेते आणि बदल्यात दिवसभर प्राणवायू देते. भारतात ऊन मुबलक असल्याने ही पद्धत येथे चांगली लागू पडली. एस. जे. आर्सीवाला, जे. एस. एस. लक्ष्मीनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेले अशा तलावांच्या रचनेवरचे पुस्तक १९७० मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केले, आणि देशातील अभियंत्यांनी ते आधारभूत मानले. सांडपाण्यातले खत ज्या जीवाला मिळेल तो वाढणारच, तेव्हा तो कोणता असावा आणि कुठे वाढावा हे माणसाने ठरवायचे, अशी ही दिशा होती. नीरीने पुढे विकसित केलेले फायटोरिड हे तंत्र याच विचारावर उभे आहे. त्यात शेवाळाऐवजी खडीच्या थरांत लावलेल्या पाणथळ वनस्पती सांडपाणी शुद्ध करतात.

शहरातील तलावांना मात्र या ज्ञानाचा फायदा उशिराच झाला. वस्ती वाढली तशी नाल्यांतून सांडपाणी तलावांत येऊ लागले. साबणचुऱ्यातला आणि मैल्यातला स्फुरद, तसेच विसर्जनाच्या वेळी टाकलेले निर्माल्य, यांनी पाण्याला दरवर्षी खत मिळत गेले. स्फुरदाचे महत्त्व किती, हे १९७३ मध्ये कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांनी केलेल्या प्रयोगाने जगाला दाखवले. २२६ क्रमांकाच्या तलावात मध्ये पडदा लावून एका भागात कर्ब व नत्र, आणि दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरद, घालण्यात आले. स्फुरद मिळालेला भाग निळ्या-हिरव्या शैवलांनी भरून गेला, दुसरा स्वच्छ राहिला. गांधीसागरासारख्या चोहोबाजूंनी वस्तीने वेढलेल्या तलावाची कहाणी या प्रयोगाच्या आधारे समजते. अंबाझरीत वाडी परिसरातून येणाऱ्या पाण्यामुळे अलीकडच्या काळात जलपर्णी पसरली. जलपर्णी सगळे पाणी झाकते तेव्हा शेवाळ कमी दिसते, पण ते खत कमी झाल्याचे लक्षण नाही. तेच खत आता दुसरी वनस्पती वापरत असते. गेल्या काही वर्षांत महानगरपालिकेने मूर्तींसाठी कृत्रिम कुंडे ठेवून तलावांतील विसर्जनावर बंदी आणली. मूळ कारणाला हात घालणारा हा उपाय आहे, पण सांडपाणी वळवले जात नाही तोवर तो अपुराच राहतो.

काचेच्या टाकीतील शेवाळाचा इतिहास मोठ्या तलावांच्या इतिहासाला समांतर चालतो. १८४९ मध्ये लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने एका टाकीत सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ठेवले. विदर्भातील तलावांतही ही वनस्पती उगवते. काही दिवसांनी जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवे तंतू धरले. मग त्याने पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाल्ले आणि टाकी स्थिर झाली. १८५० मध्ये केमिकल सोसायटीपुढे मांडलेला हा प्रयोग संतुलित मत्स्यटाकीचा आरंभ मानला जातो. महाराष्ट्रात लोकांना काचेमागचे मासे दाखवणारे पहिले मोठे ठिकाण म्हणजे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय. ते १९५१ मध्ये सुरू झाले.

वनस्पतींनी भरलेल्या टाकीची आजची कल्पना जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांच्यापासून रूढ झाली. त्यांनी १९८२ मध्ये आपली कंपनी काढली, आणि शेवाळ खाणाऱ्या ज्या लहान झिंग्याचा त्यांनी वापर केला त्याला आज त्यांचेच नाव आहे. १९९६ मध्ये पॉल सिअर्स आणि केव्हिन कॉनलिन या दोन हौशी अभ्यासकांनी लावणीच्या टाकीतील शेवाळावर एक निबंध लिहिला. वनस्पतींना पालाश, नत्र, सूक्ष्मद्रव्ये आणि कर्बवायू भरपूर द्यावेत आणि स्फुरद मात्र तुटपुंजा ठेवावा, म्हणजे तो पाण्यात शिल्लकच राहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे टॉम बार यांनी दाट लावणीच्या टाकीत मुद्दाम स्फुरद घालून पाहिला आणि शेवाळ आले नाही. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांत एक गोष्ट समान आहे. वनस्पती दाट आणि जोमात असेल तर शेवाळाला जागा मिळत नाही.

नागपूरसारख्या ठिकाणी नवी टाकी लावताना हेच तत्त्व हवामानाला जुळवून वापरावे लागते. मेमध्ये तापमान ४५ अंशांपलीकडे जाते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना तो ७ च्या थोडा वर उरतो. कुजणे वेगाने होते आणि शेवाळही वेगाने वाढते. म्हणून टाकी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवतात आणि दिवा सुरुवातीला दिवसाला ६ ते ८ तासच लावतात. नव्या पोषक मातीतून पहिल्या काही आठवड्यांत अमोनिया सुटतो. त्या काळात आठवड्याला एक-दोनदा तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलतात, आणि नळाचे पाणी आधी क्लोरीनमुक्त करून घेतात. हायड्रिलासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती पहिल्या दिवसापासून दाट लावतात. पहिला तपकिरी थर हा सिलिका वापरणाऱ्या डायटमांचा असतो आणि सहसा आपोआप ओसरतो. हिरवे तंतू जास्त प्रकाशाने येतात आणि काळे केसाळ शेवाळ बहुधा कर्बवायूच्या चढउतारांनी धरते. मासे थोडे ठेवून त्यांना कमी खायला देतात. शेवाळखाऊ झिंगे आणि गोगलगायी शेवटी सोडतात, आणि टाकीत मोरचूद घालत नाहीत.

याच पद्धतीचे मोठे रूप आज पूर्व विदर्भातील जुन्या तलावांत दिसते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. गाळ काढणे मागे पडले, बेशरमाची झाडे पसरली. मासळीसाठी १९५९ मध्ये देशात आणलेला गवत्या मासा नंतर अनेक तलावांत सोडला गेला, आणि तो बुडीत वनस्पतीच खातो. त्यामुळे स्थानिक वनस्पती आणि त्यांच्या आश्रयाने वाढणारे देशी मासे दोन्ही घटले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकर यांनी धीवर समाजाच्या पारंपरिक ज्ञानाच्या आधारे ही घडी पुन्हा बसवण्याचे काम हाती घेतले. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढून तळ नांगरायचा आणि पावसाला सुरुवात झाली की हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम यांसारख्या स्थानिक वनस्पती लावायच्या, असा हा क्रम आहे. वनस्पती पुन्हा धरल्या की देशी मासे आणि पक्षी परततात. शहरातल्या तलावांना हाच क्रम लागू पडतो, पण तेथे त्याआधी एक पायरी वाढते. सांडपाणी थांबवल्याशिवाय केलेली लावणी टिकत नाही, कारण रोज नवे खत येत असेल तर वनस्पती कितीही दाट असली तरी उरलेल्यावर शेवाळ वाढते.